मॉनिटरची लाईट लुकलुकते, पडदा काळाच: मीटर घेऊन सुरुवात कुठून करायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर इथंच लक्षात येईल. मानवत तालुक्यात तुमचं सेवा केंद्र आहे. तिथला १९ इंची एलईडी मॉनिटर गेल्या आठवड्यात बंद पडला. पॉवरच्या बटणाजवळची निळी लाईट साधारण सेकंदाला एकदा लुकलुकते, पडद्यावर काहीच येत नाही. आदल्या दिवशी गावात लाईन कमी-जास्त झाली होती, शेजारच्या दुकानातले दोन बल्बही उडाले. एकाने बघून सांगितलं, "बोर्ड गेलाय, नवीन घ्या." तुम्ही आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलंय, हाताशी पिवळा डिजिटल मीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे, आणि पीक विम्याच्या फॉर्मची गर्दी सुरू व्हायच्या आत मॉनिटर चालू करायचाय.

परभणीत मी २६ वर्षं हेच काम करतोय. ट्यूबवाले मॉनिटर होते तेव्हापासून. "बोर्ड गेला" हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण बोर्डावर शे-दीडशे पार्ट असतात आणि गेलेला असतो त्यातला एखाद-दुसरा. तो शोधायला तुमचा मीटर पुरेसा आहे. फक्त एक सवय लावून घ्या. प्रोब टेकवायच्या आधी इथं किती यायला पाहिजे, तो आकडा मनाशी ठरवा. आकडा ठरलेला नसेल तर मीटर ३.१ दाखवो की ४.९, तुम्हाला त्यातून काहीच कळणार नाही. नव्या मुलांचं इथंच चुकतं. ते मीटर सगळीकडे लावत सुटतात आणि शेवटी अंदाजाने पार्ट बदलायला घेतात.

काम सुरू करण्याआधी जिवाची गोष्ट. मॉनिटरच्या सप्लायमध्ये, म्हणजे लाईनच्या करंटपासून आतल्या बोर्डांना लागणारं कमी व्होल्टेज बनवणाऱ्या भागात, एक मोठा गोल कंडेन्सर असतो, त्यावर बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलेलं असतं. २३० व्होल्ट एसी ब्रिजमधून (एसीचं डीसी करणारे चार डायोड) गेलं की त्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी जमतं. सप्लाय चालू अवस्थेत असेल तर प्लग काढल्यावर हे व्होल्टेज लवकर उतरतं, कारण सर्किट ते ओढून घेतं. बंद पडलेल्या सप्लायमध्ये ओढणारं कोणी नसतं. प्लग काढून अर्धा तास झाला तरी कंडेन्सर भरलेलाच असू शकतो. म्हणजे चांगल्या मॉनिटरपेक्षा बिघडलेला मॉनिटर उघडताना जास्त धोका. दुकान टाकलं त्या वर्षी मी हे शिकलो. असाच एक बोर्ड उलटा करून उचलला, करंट बसला, हात झटक्यात मागे गेला आणि पत्र्याच्या फ्रेमच्या कडेवर करंगळी खोल कापली. खूण अजून आहे.

म्हणून २.२ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, त्याला दोन इन्सुलेटेड वायरी जोडून ठेवा. प्लग काढून त्या वायरी मोठ्या कंडेन्सरच्या दोन पायांना तीन-चार सेकंद धरा. मग मीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून तिथंच मोजा. ५ व्होल्टच्या खाली आलं की मगच हात लावायचा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढणारे पुष्कळ आहेत. त्याने ड्रायव्हरचं टोक वितळतं, कधी बोर्डाची पट्टी उडते. ते करू नका.

मीटरची दोन पथ्यं. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिलेला नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा. तो तिथं असताना व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटर म्हणजे नुसती जाड तार होते आणि समोर शॉर्ट होतो. दुसरं, आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की हे पिवळे मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतात. ५ व्होल्टच्या जागी ६.२ दिसलं म्हणून चांगला रेग्युलेटर (व्होल्टेज ठराविक आकड्यावर ठेवणारा पार्ट) काढून फेकलेला मी पाहिलाय. सुरुवातीला घड्याळाचा नवा सेल मोजून बघा, दीड व्होल्टच्या जरा वर यायला पाहिजे. आणि लाईनच्या बाजूला मोजायचं असेल तर शक्यतो जाड वायरीचा, कॅट थ्री ६०० व्होल्ट छापलेला मीटर कोणाकडून तरी मागून आणा. पिवळ्या मीटरच्या वायरीचं प्लास्टिक पातळ असतं.

आता मॉनिटरकडे. उघडायच्या आधी व्हीजीए किंवा एचडीएमआयची केबल काढून टाका आणि नुसती पॉवर देऊन बघा. काही मॉडेलमध्ये सिग्नल नसला की लाईट लुकलुकतेच, तो बिघाड नसतो. चांगला मॉनिटर केबल काढल्यावर काही सेकंद का होईना, सिग्नल नसल्याची चौकट दाखवतो. तीही दिसत नसेल तर खोलीत अंधार करा आणि पडद्यावर तिरपी टॉर्च मारा. अंधुक अक्षरं दिसली तर सप्लाय आणि मेन बोर्ड काम करतायत, फक्त बॅकलाईट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, पेटत नाही. तो वेगळा रस्ता आहे, त्यावर शेवटी येतो. अक्षरं दिसली नाहीत तर मागच्या बाजूला कान लावा. लाईट लुकलुकते त्याच ठेक्यात टिक-टिक असा बारीक आवाज येतोय का? येत असेल तर सप्लाय सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, कुठेतरी अडतोय आणि स्वतःला बंद करून पुन्हा प्रयत्न करतोय. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतं. आणि तसं असेल तर चांगली बातमी आहे, कारण फ्यूज, ब्रिज आणि मोठा कंडेन्सर शाबूत असल्याशिवाय सप्लाय सहसा प्रयत्नसुद्धा करू शकत नाही.

मागचं झाकण क्लिपांवर असतं. जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवत खालच्या कडेपासून सोडवत या, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलंत तर पॅनेलची काच तडकेल. आत पत्र्याच्या डब्याखाली दोन बोर्ड दिसतील: एक सप्लायचा, ज्यावर ट्रान्सफॉर्मर आणि मोठा कंडेन्सर आहे, आणि एक छोटा, ज्यावर मधोमध चौकोनी आयसी आणि व्हीजीएचं सॉकेट आहे. तो मेन बोर्ड, आणि त्यावरचा चौकोनी आयसी म्हणजे स्केलर, जो आलेलं चित्र पडद्याच्या मापात बसवतो. दोन्हींच्या मध्ये सहा ते दहा वायरींचा जुडगा जातो.

मीटर लगेच लावू नका. पाच मिनिटं नुसतं बघा. तुमच्याकडे मानवतला जिनिंगचा पट्टा आहे. त्या भागातून येणाऱ्या मशीनमध्ये कापसाच्या तंतूंची गादीच साचलेली असते, आणि पावसाळ्यात ती ओल धरते. मऊ ब्रशने सगळं झाडून घ्या. पाल आत शिरून ट्रान्सफॉर्मरच्या पायांवर चिकटलेली असते, हे दरवर्षी दोन-तीनदा तरी सापडतं. तिच्या अंगाखालची पट्टी जळून काळी कोळसा झालेली असते, आणि तो कोळसा करंट वाहून नेतो. तो खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय पुढचं कोणतंच मोजमाप खरं येत नाही. मग गोल कंडेन्सरच्या डोक्यांकडे बघा. बोटाचं टोक फिरवा. डोकं सपाट पाहिजे. जरासा उंचवटा लागला, किंवा मधल्या खाचेतून तपकिरी खपली बाहेर आली असेल, तर तो गेला. मात्र सपाट दिसणारा कंडेन्सर चांगलाच असतो असं नाही, हेही लक्षात ठेवा.

पॉवर द्यायची ती थेट नको, सिरीज बल्बमधून. ६० किंवा १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब फेजच्या वायरीत मालिकेत. एलईडी बल्ब इथं चालत नाही. पॉवर दिल्यावर बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला तर पुढच्या बाजूला शॉर्ट नाही. पूर्ण उजेडात पेटून राहिला तर लगेच बंद करा, शॉर्ट आहे, पण बल्बमुळे आणखी काही जळलं नाही. अजिबातच पेटला नाही तर करंट आतच जात नाही. एवढ्या एका बल्बने माझे किती मॉसफेट (सप्लायमधला झपाट्याने चालू-बंद होणारा स्विच) वाचले असतील, हिशेब नाही.

तुमच्याकडे लाईट लुकलुकते, त्यामुळे फ्यूज गेलेला नसणार. तरीही पुढे कधी पूर्ण मेलेला मॉनिटर आला तर उपयोगी पडेल म्हणून पहिली, म्हणजे लाईनकडची बाजू सांगून ठेवतो. आपल्याकडे लोक म्हणतात, व्होल्टेज कमी झाल्याने मॉनिटर गेला. मोटारी सुरू झाल्या की गावात १६०-१७० व्होल्ट मिळतात हे खरं, पण मॉनिटरचा सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालेल असा बनवलेला असतो, तो कमी व्होल्टेजला सहसा जुमानत नाही. मारतो तो तुटलेला न्यूट्रल. वादळवाऱ्यात खांबावरचा न्यूट्रल सुटला की कोणाच्या घरात १०० तर कोणाच्या घरात ३५०-४०० व्होल्ट जातात. तुमच्या शेजाऱ्याचे बल्ब उडाले, म्हणजे बहुतेक हेच झालं असणार. अशा वेळी फ्यूजच्या मागे बसलेला चपटा निळा गोल पार्ट, व्हॅरिस्टर, स्वतः फुटतो आणि फ्यूज उडवून बाकीच्यांना वाचवतो. त्यावर बहुधा ४७१ छापलेलं असतं. तो फुटला असेल तर तसलाच बसवा. नुसता काढून टाकून मॉनिटर चालू होतो, आणि बरेच जण तसाच देतात, पण पुढच्या झटक्याला त्या मॉनिटरला वाली नसतो.

फ्यूज काचेचा असेल तर त्याच्या रंगाकडे बघा. आतून काळा किंवा चंदेरी झालेला फ्यूज सांगतो की पुढे जबर शॉर्ट आहे, नवा फ्यूज टाकला की तोही उडणार. काच स्वच्छ आणि तार नुसती तुटलेली असेल तर कधी फ्यूजच थकलेला असतो. शॉर्ट शोधायला, कंडेन्सर रिकामा करून, मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. ब्रिजच्या चारही डायोडवर एका दिशेला ०.५ ते ०.६, उलट्या दिशेला काहीच नाही, असं यायला पाहिजे. मॉसफेटच्या तीन पायांपैकी (ड्रेन, सोर्स, गेट) ड्रेन आणि सोर्समध्ये दोन्ही बाजूंनी बीप वाजली तर तो शॉर्ट. पण मग एकटा मॉसफेट बदलून थांबू नका. त्याच्या सोर्सला ग्राउंडकडे जाणारा अर्ध्या ओहमच्या आतला रेझिस्टर जवळपास नेहमी त्याच्याबरोबर जातो, गेटचा छोटा रेझिस्टर आणि पुष्कळदा मॉसफेटला चालवणारा पीडब्ल्यूएम आयसीसुद्धा. हे सगळं न तपासता नवा मॉसफेट टाकला तर तो पहिल्याच सेकंदाला उडतो.

सव्वातीनशे व्होल्ट कंडेन्सरवर आहेत, फ्यूज चांगला, तरी सप्लायची काहीच हालचाल नाही, अशी केस असेल तर स्टार्टअपचे रेझिस्टर बघा. मोठ्या कंडेन्सरच्या प्लसपासून आयसीकडे जाणारे, मोठ्या किमतीचे, दोन-तीन ओळीने लावलेले. त्यातला एखादा ओपन होतो. बाहेरून अगदी नवा दिसतो.

इथं एक चूक इतकी होते की थांबून सांगतो. ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंचं ग्राउंड वेगळं आहे. लाईनच्या बाजूला मोजताना काळा प्रोब मोठ्या कंडेन्सरच्या मायनसला लागला पाहिजे. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, ५ व्होल्टच्या बाजूला मोजताना तो पत्र्याला किंवा व्हीजीएच्या सॉकेटला. काळा प्रोब पत्र्याला ठेवून कोणी मोठ्या कंडेन्सरचं व्होल्टेज मोजायला गेला तर आकडा भलताच येतो, आणि तो चांगला भाग बिघडलेला समजून बसतो. बोर्ड उलटा करून बघा, दोन्ही बाजूंच्या मधे पट्ट्या नसलेली रुंद रिकामी जागा स्पष्ट दिसते. ती ओलांडायची असेल तर काळा प्रोब आधी हलवायचा.

आता तुमच्या लुकलुकण्याकडे, आणि ह्याला जरा वेळ द्या.

पहिला प्रश्न हा की सप्लाय स्वतः आजारी आहे की मेन बोर्ड त्याला खाली ओढतोय. पॉवर काढा, कंडेन्सर रिकामा करा, दोन बोर्डांमधला वायरींचा जुडगा मेन बोर्डाच्या बाजूने काढा. जुडग्याच्या पिनांची नावं बहुधा बोर्डावरच छापलेली असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, १२ ते १८ च्या दरम्यानचं एक व्होल्टेज बॅकलाईटसाठी, आणि बॅकलाईट चालू करायची नि उजेड कमी-जास्त करायची अशा दोन पिना. ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये १० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लोड म्हणून लावा. तो अर्धा अँपिअर ओढेल आणि गरम होईल, म्हणून लाकडाच्या फळीवर ठेवा. काही सप्लाय लोडशिवाय नीट चालत नाहीत आणि आपण उगाच त्यांना दोष देतो. आता सिरीज बल्बमधून पॉवर द्या आणि मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. मनात ठरलेला आकडा: ४.९ ते ५.२, आणि तो हलायला नको.

५.१ वर ठाम राहिलं तर सप्लाय निर्दोष, दुखणं मेन बोर्डात. आकडा १.८, ३.४, २.२ असा वरखाली नाचत राहिला तर दुखणं सप्लायमध्ये. एवढ्या एका मोजमापाने अर्धं काम संपतं, आणि ते पाच मिनिटांत होतं.

सप्लाय आजारी निघाला तर माझा पहिला संशय ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या गोल कंडेन्सरांवर. ५ व्होल्टच्या लाईनवर बहुधा १००० मायक्रोफॅरड, १० किंवा १६ व्होल्टचे एक-दोन असतात आणि ते नेमके हीटसिंकला चिकटून उभे असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४३ अंश, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, आणि मॉनिटरच्या बंद डब्यात त्याहून जास्त. आतलं द्रव्य हळूहळू सुकतं. इथं मीटर तुम्हाला फसवू शकतो. असा कंडेन्सर काढून कपॅसिटन्सच्या रेंजवर मोजलात तर तो ९२० वगैरे दाखवतो, म्हणजे चांगला वाटतो. पण त्याचा आतला रोध, ज्याला ईएसआर म्हणतात, तो वाढलेला असतो, आणि साधा मीटर तो दाखवत नाही. बाजारात मिळणारा छोटा ट्रान्झिस्टर टेस्टर तो मोजतो. तोही नसेल तर जुनी युक्ती: केस वाळवायचा ड्रायर एक मिनिट लांबून त्या कंडेन्सरांवर मारा आणि पॉवर देऊन बघा. ५ व्होल्ट स्थिर झालं तर कंडेन्सरच गेलेत, कारण गरम झाल्यावर त्यांचा आतला रोध तात्पुरता कमी होतो. थंडीत सकाळी दहा वेळा बटण दाबल्यावर चालू होणारा आणि दुपारी लगेच चालू होणारा मॉनिटर ह्याच दुखण्याचा. बदलताना १०५ अंश छापलेले, लो ईएसआर, व्होल्टेज एक पायरी वरचं घ्या: १० च्या जागी १६, १६ च्या जागी २५. किंमत दहा-वीस रुपयांचा खेळ आहे. जुन्या बोर्डातून काढलेले लावू नका. प्लस-मायनस बघून लावा, पांढरी पट्टी मायनसची.

कंडेन्सर बदलूनही नाचणं थांबलं नाही तर त्याच लाईनवरचे शॉटकी डायोड (ट्रान्सफॉर्मरमधून आलेल्याचं डीसी करणारे) मोजा. डायोडच्या खुणेवर ०.१५ ते ०.३ च्या आसपास येतात. दोन्ही बाजूंनी शून्य आणि बीप आली तर एक पाय उचलून पुन्हा मोजा, कारण बोर्डात असताना दुसऱ्याच वाटेने बीप येऊ शकते. मग लाईनच्या बाजूला परत या. पीडब्ल्यूएम आयसीच्या शेजारी २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एक छोटा कंडेन्सर असतो, आयसीचा स्वतःचा सप्लाय तोच सांभाळतो. तो सुकला की आयसी सुरू होतो, उपाशी पडतो, बंद होतो, पुन्हा सुरू होतो. लक्षण हुबेहूब तुमच्यासारखंच. तो इतका लहान आणि निरुपद्रवी दिसतो की सगळे मोठे बदलून होतात आणि हा राहून जातो. माझा नियम असा आहे की सप्लाय उघडलाच आहे तर हा बदलायचाच. शेवटी राहते ती ऑप्टोकपलर आणि टीएल४३१ ही जोडी, जी ५ व्होल्टवर लक्ष ठेवून लाईनच्या बाजूला कळवते. ऑप्टोच्या एलईडीच्या दोन पायांवर डायोडच्या खुणेत १.० ते १.२ येतं. टीएल४३१ च्या रेफरन्सच्या पायावर, सप्लाय चालू आणि स्थिर असताना, २.५ व्होल्ट. हे दोघं फार क्वचित जातात.

आता समजा ५ व्होल्ट ठाम आलं आणि मेन बोर्ड दोषी ठरला. पॉवर काढलेलीच ठेवा. मेन बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेवर आणि ग्राउंडमध्ये ओहम मोजा. शेकडो ओहम किंवा त्याहून जास्त आले तर सरळ शॉर्ट नाही. चार-पाच ओहमच्या खाली आलं तर आहे. मग तीन पायांचा छोटा रेग्युलेटर शोधा, त्यावर बहुधा १११७ लिहिलेलं असतं आणि पुढे ३.३ किंवा १.८. पाय खाली करून समोरून बघितलं तर डावा ग्राउंड, मधला आउटपुट, उजवा इनपुट, आणि वरचा रुंद पत्राही आउटपुटच. बोर्डाला पॉवर देऊन पत्र्यावर मोजा. ३.३ वाल्यावर ३.३ आणि १.८ वाल्यावर १.८ पाहिजे. काही बोर्डांवर स्केलरला १.२ लागतं. लक्षात ठेवा, ह्या रेग्युलेटरला इनपुट आउटपुटपेक्षा एक-सव्वा व्होल्टने जास्त लागतं. ५ व्होल्ट घसरून ४.२ झालं असेल तर ३.३ पडणारच, आणि त्यात रेग्युलेटरचा काही दोष नाही.

गेल्या उन्हाळ्यात सेलूहून एक मॉनिटर आला होता. ५ व्होल्ट ठीक, पण मेन बोर्ड जोडला की सप्लाय टिक-टिक करायचा. ३.३ च्या पत्र्यापासून ग्राउंडपर्यंत १.४ ओहम. सगळ्यांनी स्केलर आयसीच गेला असं धरलं होतं. मी रेग्युलेटरचा आउटपुट पाय उचलला, शॉर्ट बोर्डाच्याच बाजूला राहिला. मग बेंच सप्लायने (व्होल्टेज आणि करंट ठरवून देता येणारा टेबलावरचा सप्लाय) ३.३ च्या लाईनवर १ व्होल्टाहून कमी, अर्ध्या अँपिअरची मर्यादा घालून करंट दिला आणि मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवला. काळा प्रोब ग्राउंडवर पक्का, लाल प्रोब ३.३ च्या लाईनवर एका कंडेन्सरवरून दुसऱ्यावर. आकडा त्यात मावला नाही तेव्हा २ व्होल्टच्या रेंजवर गेलो, पण पाहायचा होता तो फरक. शॉर्टच्या दिशेने जाल तसा आकडा उतरत जातो, आणि शॉर्ट ओलांडला की उतरायचा थांबतो. सगळ्यात कमी आकडा स्केलरच्या कोपऱ्याजवळच्या तपकिरी सिरॅमिक कंडेन्सरवर आला, तांदळाच्या कणीएवढा. वर अल्कोहोलचा थेंब टाकला, तो तिथंच पहिल्यांदा उडून गेला. कंडेन्सर उचलला, १.४ ओहमचे ३०० च्या वर झाले, मॉनिटर चालू. त्या लाईनवर असे पुष्कळ कंडेन्सर समांतर असतात, त्यामुळे एक नसला तरी बहुधा चालतं, पण मी त्याच मापाचा जुन्या बोर्डावरून लावून दिला. बेंच सप्लाय तुमच्याकडे नसेल तर परभणीला या, माझा आहे.

रेग्युलेटरची सगळी व्होल्टेज बरोबर, पॉवरच्या बटणाचा पिन दाबल्याविना ३.३ च्या आसपास आणि दाबल्यावर खाली येतोय, तरी बोर्ड गप्प, असं झालं तर मीटरची हद्द संपली. आठ पायांच्या मेमरी आयसीतला प्रोग्राम बिघडलेला असू शकतो, त्याला प्रोग्रामर लागतो. मात्र त्याआधी बटणांची पट्टी काढून बघा. ओल गेलेलं एखादं बटण आतून दाबलेलंच राहतं आणि बोर्ड गोंधळतो. मी हे आधी बघतो, फुकट आहे.

बॅकलाईटचं थोडक्यात. चित्र अंधुक दिसतंय, उजेड नाही, तर बॅकलाईट चालू करायच्या पिनेवर मोजा: मॉनिटर चालू असताना ३ ते ५ व्होल्ट यायला पाहिजेत. येत असतील, एलईडींना करंट पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटला १२-१८ व्होल्टही मिळत असतील, आणि पडदा क्षणभर उजळून काळा होत असेल, तर एलईडीची एखादी माळ तुटलेली असण्याची शक्यता मोठी. एका एलईडीला ३ व्होल्ट लागतात आणि माळेत दहा-बारा किंवा जास्त असतात, म्हणून मीटरच्या डायोडच्या खुणेने ती पेटणार नाही. तिला वेगळा टेस्टर लागतो. पडद्यामागे बारीक ट्यूब असलेल्या जुन्या एलसीडीत, ती ट्यूब पेटवणाऱ्या इन्व्हर्टरचा आउटपुट मीटरने कधीच मोजू नका. तिथं ट्यूब पेटवताना हजार व्होल्टच्या वर जातं, मीटर जळेल आणि कदाचित हातही.

उजेड आहे पण पडदा कोरा, तर पॅनेलला मिळणारं व्होल्टेज बघा, ह्या मापात ते बहुधा ५ असतं. पॅनेलच्या पट्टीवर एक इवलासा फ्यूज असतो. एका टोकाला ५, दुसऱ्या टोकाला ० आलं तर तोच. पॅनेलचे दोन प्रकार असतात: साधं टीएन पॅनेल अशा वेळी पांढरं होतं, आयपीएस काळंच राहतं, तेव्हा रंगावरून घाईने निष्कर्ष काढू नका. आणि रंगच कमी येत असेल, सगळं हिरवट किंवा पिवळट, तर बोर्ड उघडायच्या आधी मॉनिटर बंद ठेवून व्हीजीए सॉकेटच्या १ आणि ६, २ आणि ७, ३ आणि ८ ह्या पिनांमध्ये ओहम मोजा. तिन्हीकडे ७५ च्या जवळ यायला पाहिजे. जिथं येत नाही तो रंग तुटलाय.

मेन बोर्ड खरंच गेला, म्हणजे स्केलर आयसी स्वतःच शॉर्ट निघाला, तर युनिव्हर्सल बोर्ड मिळतात. पॅनेलचा नंबर, त्याचा कनेक्टर आणि त्याला लागणारं व्होल्टेज जुळल्याशिवाय घेऊ नका. ५ व्होल्टच्या पॅनेलला १२ चा जंपर (बोर्डावर व्होल्टेज निवडायची छोटी टोपी) लावला गेला तर पॅनेलही जाईल, आणि पॅनेल गेल्यावर दुरुस्तीला अर्थ राहत नाही.

काम झाल्यावर सिरीज बल्ब काढून थेट पॉवरवर मॉनिटर दोन तास उघडाच चालू ठेवा, कोणाचा हात लागणार नाही अशा जागी, आणि गरम झाल्यावर ५ व्होल्ट पुन्हा मोजा. थंड असताना ५.१ आणि गरम झाल्यावर ४.६ होत असेल तर झाकण लावू नका, अजून एक कंडेन्सर राहिलाय. बोर्ड बसवताना सप्लायच्या खालची प्लास्टिकची पारदर्शक शीट जागेवर गेली पाहिजे, नाहीतर सव्वातीनशे व्होल्टच्या पट्ट्या पत्र्याला टेकतील. पत्र्याचे सगळे स्क्रू परत लावा, ग्राउंड त्यांच्यातूनच जातं.

आज एवढंच करा: जुडगा काढून, १० ओहमचा लोड लावून ५ व्होल्टच्या पिनेवर किती येतं आणि आकडा स्थिर आहे की हलतोय, ते मला कळवा. सप्लाय बोर्डाचा दोन्ही बाजूंचा फोटोही पाठवा. त्यावरून कोणता पार्ट मागवायचा ते सांगतो. कंडेन्सर असतील तर माझ्याकडे आहेत, मानवतच्या बसने कोणाच्या तरी हाती देता येतील.